घरच्या शंकरपाळ्यांचा डबा

दिवाळी तोंडावर आली कीं आमच्या कुपवाडांत दोन प्रकारचे डबे हिंडूं लागतात. एक डबा रंगीत पुठ्ठ्याचा. त्यावर सोनेरी फीत आणि आंत कारखान्यांतून किंवा पेढीवरून वाटलेली मिठाई. दुसरा डबा स्टीलचा. त्याचें झांकण किंचित् चेपलेलें, बुडाशीं कोणा आत्याचें किंवा मावशीचें नांव कोरलेलें आणि आंत घरचीं शंकरपाळीं. पहिला डबा रिकामा झाला कीं टाकून देतात. दुसरा परत करावा लागतो आणि परत करतांना तो रिकामा पाठवावयाचा नसतो. आज मला ह्या दुसऱ्या डब्याविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

स्वयंपाकघर हा मास्तरांचा प्रांत नव्हे, असें आपल्यापैकीं कोणी म्हणेल. तें खरेंही आहे. परंतु शाळेंतून निवृत्त झाल्यापासून आमच्या घरचीं शंकरपाळीं लाटण्याचें व कातण्याचें काम मजकडे आलें आहे. तळण्याचा अधिकार मात्र आमच्या गृहिणीनें अद्याप आपल्या हातीं ठेवला आहे. तेव्हां मी जें सांगणार आहें तें निदान अर्धें तरी अनुभवाचें आहे.

प्रथम नांवाकडे वळूं. शंकरपाळें ह्या शब्दांत शंकर असला तरी त्याचा भगवान् शंकराशीं संबंध नाहीं. फारशी भाषेंत साखरेला ‘शकर’ म्हणतात आणि ‘पारा’ म्हणजे तुकडा. ‘शकरपारा’ म्हणजे साखरेचा तुकडा. उत्तर हिंदुस्थानांत तो शकरपाराच राहिला, गुजरातेंत शक्करपारा झाला आणि आपल्याकडे येईपर्यंत लोकांनीं त्याला ओळखीच्या देवाचें नांव देऊन घरांत घेतलें. आमच्या ह्या भागाला लागूनच कानडी मुलूख आहे. तेथेंही हा पदार्थ शंकरपोळी ह्या नांवानें नांदतो. परका शब्द आपल्या जिभेला सोईचा करून घेणें ही भाषेची जुनीच रीत आहे. पदार्थाच्या बाबतींतही आपण तेंच केलें.

ह्या पदार्थाचे नातलग किती दूरवर पसरले आहेत तें पाहिलें म्हणजे कौतुक वाटतें. बिहारांत त्याच जातीच्या पदार्थाला खुरमा म्हणतात. १८४५ च्या मे महिन्यांत ‘फातेल रझाक’ नांवाचें जहाज हिंदी मजुरांना घेऊन वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटाला लागलें. त्यानंतर अनेक वर्षें अशीं जहाजें जात राहिलीं. त्या मजुरांच्या वंशजांच्या घरीं आजही दिवाळीला ‘कुरमा’ करतात : पिठाच्या कांड्या तळावयाच्या आणि साखरेच्या पाकांत घोळावयाच्या. भाषा मागें पडली, वेष बदलला. पण कढईंतला तुकडा टिकून राहिला.

ह्याहूनही नवल वाटावें असें उदाहरण पश्चिम आफ्रिकेंतील नायजेरिया देशाचें आहे. तेथें ‘चिन-चिन’ नांवाचा पदार्थ घरोघर करतात. गव्हाचें बारीक पीठ, साखर, लोणी, दूध, बहुधा अंडें आणि वर किसलेलें जायफळ. पीठ घट्ट मळावयाचें, लाटावयाचें, सुरीनें बारीक चौकोनी तुकडे करावयाचे आणि तेलांत बदामी रंगावर तळावयाचे. अंडें सोडलें तर आपल्या गृहिणीला ह्यांत नवें असें कांहींच आढळणार नाहीं. नाताळांत, लग्नकार्यांत आणि पाहुणा दारीं आला असतां चिन-चिनची बशी पुढें येते. आणि सणाला बरण्या भरून तें आप्तांना व शेजाऱ्यांना दिलें जातें. दोन्ही पदार्थांचा मूळ पुरुष एकच आहे असें मी म्हणत नाहीं. पीठ, साखर, स्निग्ध पदार्थ आणि कढई ह्या चार वस्तू जेथें एकत्र आल्या, तेथें माणसाच्या हाताला असें कांहीं सुचावें हें स्वाभाविकच आहे. परंतु एक साम्य मात्र विचार करण्यासारखें आहे. नायजेरियांत गहूं फारसा पिकत नाहीं. तो बहुतेक बाहेरून येतो. आमच्या सांगली-साताऱ्याकडेही रोजची भाकरी जोंधळ्याची असे आणि गहूं हें सणाचें धान्य. म्हणजे दोन्हीकडे माणसानें भेट म्हणून निवडलें तें रोजचें धान्य नव्हे. घरांत जें कमी होतें आणि जपून ठेवलेलें होतें, तेंच पाहुण्याच्या व शेजाऱ्याच्या वाट्याला काढून दिलें.

माझ्या पिढीला हें सांगण्याची गरज नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत मी शाळकरी मुलगा होतों. शिधापत्रिकेवर लाल मिलो मिळे आणि त्याच्या भाकरी खातांना आम्ही मुलें तोंडें वांकडीं करीत असूं. त्या वर्षींच्या दिवाळींत सपीट व साखर हीं तोळामासा वापरावयाचीं होतीं. शंकरपाळीं झालीं तीं एका लहानशा डब्यापुरतीं. तरीही शेजारच्या घरीं जावयाची ताटली चुकली नाहीं. तींत शंकरपाळीं मोजून अकरा होतीं. मोजून दिलेल्या वस्तूचेंही दान होऊं शकतें, हें मी त्या वेळीं प्रथम पाहिलें.

आतां कृतीकडे येतों. प्रमाण लक्षांत ठेवण्यास अगदीं सोपें आहे : १ वाटी दूध, १ वाटी साखर, १ वाटी तूप आणि त्यांत मावेल तेवढा मैदा. हा मैदा सामान्यतः ४ ते ५ वाट्या लागतो. दूध, साखर आणि तूप एकत्र करून साखर विरघळेपर्यंत गरम करावें, मग खालीं उतरून पुरतें निवूं द्यावें. त्यांत चिमूटभर मीठ आणि थोडें जायफळ किंवा वेलदोड्याची पूड घालावी. नंतर मैदा थोडा थोडा घालीत घट्ट गोळा मळावा आणि ओल्या फडक्याखालीं निदान अर्धा तास झांकून ठेवावा.

ह्यांतील प्रत्येक पायरीला कारण आहे. आणि कारण समजलें म्हणजे कृती विसरत नाहीं, हा माझा शाळेंतला अनुभव येथेंही लागू पडतो. मैद्यांत चिकटपणा आणणारें एक द्रव्य असतें. तें पाण्याशीं मिळून मळलें गेलें म्हणजे पिठाला ताण येतो. पोळीला हा ताण हवा. शंकरपाळ्याला तो नको. तूप पिठाच्या कणाकणांभोंवतीं बसतें आणि त्या द्रव्याला एकमेकांशीं जखडूं देत नाहीं. म्हणूनच शंकरपाळें दांताखालीं चट्कन मोडतें. तूप कमी पडलें तर तें दगडासारखें होतें. जास्त झालें तर तेलांत पडतांच विरघळून कढईभर चुरा होतो. पहिला घाणा घालण्यापूर्वीं एकच तुकडा तळून पाहावा, असें जुन्या बायका सांगतात तें ह्याचसाठीं. तो तुकडा मोडला तर गोळ्यांत मूठभर मैदा अधिक घालतां येतो. सगळा घाणा मोडल्यावर उपाय नाहीं.

लाटी जाड असावी. पोळीसारखी पातळ लाटली तर शंकरपाळें पापडासारखें कडक होतें. कातण्यानें, म्हणजे त्या नक्षीच्या चाकानें, आधीं उभ्या रेघा माराव्या आणि मग तिरप्या. रेघांमधील अंतर सारखें ठेवलें म्हणजे समभुज चौकोन तयार होतात. भूमितीच्या तासाला फळ्यावर जो मुलांना कळत नाहीं, तो पोळपाटावर ताबडतोब कळतो. कडेला जे वेडेवांकडे तुकडे राहतात ते मुलांचे. हा हक्क कोणीही काढून घेऊं नये.

तळणें हा ह्या कृतींतला कसोटीचा भाग होय. तेल कितपत तापलें हें पाहण्यास पिठाची एक गोळी सोडावी. ती बुडाशीं जाऊन सावकाश वर आली तर ताव बरोबर आहे; सोडतांच वर उसळून लाल झाली तर आंच कमी करावी. मंद आंचेवर पिठांतील पाण्याची वाफ होऊन ती बुडबुड्यांवाटे बाहेर पडते. बुडबुडे जवळजवळ थांबले म्हणजे आंतला ओलावा गेला असें समजावें. मोठ्या आंचेवर वरून रंग सुरेख येतो, पण आंत ओल राहते. आणि ती ओलच चार दिवसांनीं शंकरपाळें मऊ करते. बाहेरच्या रंगावर भुलून आंतली कच्ची स्थिति विसरणें हा दोष माणसें पारखतांनाही होतो. असो.

भेट द्यावयाची वस्तु टिकाऊ असली पाहिजे. शंकरपाळें टिकतें तें त्यांत पाणी जवळजवळ उरत नाहीं म्हणून. ओलाव्यावांचून बुरशी वाढत नाहीं. त्याचे शत्रु दोन : दमट हवा आणि शिळें तेल. गरम असतांना डब्यांत भरलें तर वाफ झांकणाला धरते आणि खालीं टिपकते. म्हणून परातींत पसरून पुरतें गार होऊं द्यावें. एकदां तळणासाठीं वापरलेलें तेल पुन्हां घेतलें तर शंकरपाळ्यांना लवकर खवट वास येतो. भेटीसाठीं करावयाचें तर ताजें तेलच घ्यावें. दूरच्या प्रवासाला पाठवावयाचीं असल्यास पुष्कळ गृहिणी दुधाऐवजीं पाणी वापरतात. परदेशीं पाठवावयाचीं असल्यास तर हें अधिकच ध्यानांत ठेवावें. दुधातुपाच्या पदार्थांवर कांहीं देशांचे निर्बंध असतात. यासाठीं डबा शिवण्यापूर्वीं टपालकचेरींत चौकशी करावी. डबा कांठोकांठ भरावा. मोकळी जागा राहिली तर वाटेंत हिंदकळून कोपरे मोडतात आणि मुलाच्या हातीं शंकरपाळ्यांऐवजीं पीठ पडतें.

सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे गांवाला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात, कारण तेथील घराघरांतून माणसें सैन्यांत गेलेलीं आहेत. अशा गांवांतील मातांना डबा कसा भरावा हें शिकवावें लागत नाहीं. लाडू फुटतो, करंजी मोडते, अनारसा मऊ पडतो. शंकरपाळें मात्र जसें निघतें तसेंच बहुधा पोहोंचतें. फराळाच्या ताटांत तें सर्वांत साधें मानलें जातें, पण घरापासून लांब असलेल्या माणसाचा खरा सोबती तेंच आहे.

येथवर वस्तूविषयीं झालें. आतां ती कोणाला द्यावी ह्याविषयीं बोलतों, कारण माझ्या मतें खरा प्रश्न तोच आहे.

आपल्या समाजांत पूर्वीं फराळाचें ताट कोणत्या आळींत जाईल आणि कोणत्या आळींत जाणार नाहीं, हें ठरलेलें असे. पाण्यांत शिजलेलें अन्न आणि तुपांत तळलेलें अन्न, पाण्यांत भिजविलेलें पीठ आणि दुधांत भिजविलेलें पीठ, असे भेद मोठ्या काळजीनें पाळले जात. प्रवासांत न्यावयाची दशमी दुधांत भिजवीत ती अशाच विचारानें. शंकरपाळें हें दुधातुपांतलें, म्हणून तें दोन पावलें पुढें जाऊं शके. पण तेंही कांहीं उंबरठ्यांशीं थांबे. मी मास्तर असतांना सुट्टीच्या आदल्या दिवशीं वर्गांत एक मोठी परात ठेवीत असें. ज्याच्या घरीं जें झालें असेल त्यांतलें मूठभर त्यानें आणून परातींत टाकावयाचें. ज्याच्या घरीं कांहीं झालें नसेल त्यानें कांहींच आणावयाचें नाहीं. मग सगळें एकत्र कालवून सर्वांना सारखें वाटावयाचें. पांढरीं मैद्याचीं शंकरपाळीं आणि गूळ घातलेलीं काळसर कणकेचीं शंकरपाळीं एकाच मुठींत येत. कोणतीं कोणाच्या घरचीं हें कोणी विचारीत नसे. इतिहासाच्या आणि नागरिकशास्त्राच्या अनेक पाठांनीं जें साधलें नाहीं, तें त्या परातीनें थोडेंबहुत साधलें असें मला वाटतें.

आपल्याकडे आणखी एक रिवाज आहे. ज्या घरीं वर्षभरांत मृत्यु झाला असेल, त्या घरीं पहिल्या दिवाळीला कढई चढवीत नाहींत. तेथें फराळ होतो तो आप्तांनीं व शेजाऱ्यांनीं आणलेला. ह्या रिवाजामागें मोठी समज आहे. दुःखांत असलेल्या माणसाला सण साजरा करा म्हणणें क्रूरपणाचें आहे. आणि सण आहे हें विसरून त्याला एकटें सोडणें त्याहून क्रूर आहे. डबा हा मधला मार्ग. ‘तुम्हीं कांहीं करूं नका, आम्हीं तुमच्यासाठीं केलें आहे,’ एवढेंच तो सांगतो. अशा घरीं विकतचा पुडा नेला तर चालतो. पण घरचा डबा नेला म्हणजे त्या घरांतील माणसाला समजतें कीं, कोणीतरी आपली आठवण ठेवून दोन तास चुलीपुढें उभें होतें.

२०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेला जो महापूर आला तो आपल्यापैकीं कोणीही विसरलें नसेल. सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांवर गेलें होतें. त्याच वर्षीं ऑक्टोबरच्या अखेरीस दिवाळी आली. ज्यांच्या घरांत पाणी शिरलें होतें त्यांच्या भिंती अजून ओलसर होत्या; धान्याच्या कोठ्या आणि कढयापराती गाळांत गेल्या होत्या. कुपवाड नदीपासून दूर असल्यामुळें आमचीं घरें कोरडीं राहिलीं. आमच्या गल्लींतल्या चार घरांनीं मिळून एका अंगणांत चूल मांडली, आणि जीं शंकरपाळीं झालीं तीं ओळखीच्या पूरग्रस्त कुटुंबांना पोहोंचविलीं. तीं घेतांना एका वृद्ध गृहिणीनें जें म्हटलें तें मला फार मोलाचें वाटलें. ती म्हणाली, “मास्तर, दोन महिने लोक आम्हांला मदत देत आहेत. आज पहिल्यांदा कोणी भेट दिली.” मदत घेणाऱ्याचा हात खालीं असतो, भेट घेणाऱ्याचा नसतो. पुढच्या वर्षीं तिनें आमचा डबा चिवड्यानें भरून परत पाठविला, आणि हिशेब पुरा झाला असें कोणालाच वाटलें नाहीं. नातें सुरू झालें असें वाटलें.

घरच्या डब्यावर घेतले जाणारे आक्षेपही मला ठाऊक आहेत. पहिला वेळेचा. नवराबायको दोघेंही नोकरीवर जाणारीं. त्यांना सवड कोठली? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला माझें उत्तर असें कीं, पांच पदार्थ करूं नयेत, एकच करावा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भेटीचा मान घराला मिळतो, पण श्रम मात्र एकट्या गृहिणीचे होतात. ज्या घरांत कर्ता पुरुष आरामखुर्चींत बसून डब्यांची यादी सांगतो आणि स्वयंपाकघरांत एक स्त्री कंबर धरून उभी असते, त्या घरच्या डब्याला मी घरचा डबा म्हणणार नाहीं. तो तिचा एकटीचा डबा आहे, आणि त्यावर नांवही तिचेंच असावें. शंकरपाळीं हा चार हातांचा पदार्थ आहे. एकानें मळावें, एकानें लाटावें, मुलांनीं कातावें, एकानें तळावें. असें केलें तर तास दीड तासांत दोन किलोंचें काम होतें आणि गप्पाही होतात.

तिसरा आक्षेप साखरेचा. मधुमेह आतां घराघरांत आहे. अशांच्या घरीं जिरें-ओवा घातलेलीं खारीं शंकरपाळीं न्यावीं, आणि तींही बेतानें. भेटीनें घेणाऱ्याला संकोचांत टाकूं नये, हा तिचा पहिला नियम आहे. आणि ज्यांना घरीं करणें खरोखरच शक्य नाहीं, त्यांनीं एखाद्या महिला बचत गटाकडून किंवा शेजारच्या कष्टाळू बाईकडून करवून घ्यावीं. विकत घेणें हा अपराध नव्हे. पैसा योग्य हातीं गेला, आणि डबा स्वतः नेऊन दिला, तर तींतही आपुलकी उरतेच.

श्रोतेहो, १९९८ सालीं सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली. कागदावर तीन गांवें एक झालीं. परंतु आमच्या औद्योगिक वसाहतींत बिहारांतून, उत्तर प्रदेशांतून, कर्नाटकांतून आलेलीं शेंकडों माणसें खोल्या घेऊन राहतात आणि पुष्कळांना सणाला गांवीं जाणें जमत नाहीं. त्यांच्यापैकीं कोणाला शंकरपाळ्यांची ताटली दिली तर कदाचित् तो म्हणेल, ‘हा तर आमचा खुरमा !’ तेव्हां त्याला नांवाचा वाद न घालतां आणखी चार द्यावींत.

माझी सूचना एवढीच आहे. ह्या दिवाळींत दूध, साखर आणि तूप ह्यांची नेहमीपेक्षां एक एक वाटी अधिक घ्या. त्या जास्त मापाचीं जीं शंकरपाळीं होतील तीं आपल्या यादींत नसलेल्या एका घरीं द्या : नव्यानें राहावयास आलेलें घर, एकट्या म्हाताऱ्या माणसाचें घर, किंवा ज्यांच्याशीं बोलणें कांहीं कारणानें बंद पडलें आहे असें घर. डबा मात्र पुठ्ठ्याचा देऊं नका. परत करावा लागेल असाच द्या.